तीन फासे आणि दुर्मिळ योद्धा

सापशिडीचे तीन फासे जमवा, एकदम टाका आणि ठिपक्यांची बेरीज करा. १० किंवा ११ वारंवार येईल, १८ साठी मात्र बराच वेळ बसावे लागेल. कारण सोपे आहे. तीन फासे ६ × ६ × ६ म्हणजे २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी २७ प्रकारांनी बेरीज १० होते, १८ मात्र एकाच प्रकाराने.

याच हिशेबाच्या आधारे एका खेळात न्याय साधण्याचा प्रयत्न झाला, आणि तो फसला. तो का फसला हे पाहण्यासारखे आहे.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गुहा, राक्षस, खजिना यांचे वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. जमले की नाही, ते फासे ठरवतात. कोणी कोणाला हरवायचे नसते, सगळे एकाच बाजूचे. प्रत्येक पात्राचा एक पेशा असतो. आरंभी लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच पेशे होते. शक्ती, बुद्धी, छाप पाडण्याची ताकद असे सहा गुणही असतात आणि प्रत्येक गुणाचा आकडा तीन फाशांच्या बेरजेने ठरे.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत एक आगळा पेशा आला, पॅलाडिन. हा व्रतस्थ योद्धा. लढाईत लढवय्याच्या तोडीचा, शिवाय हाताच्या स्पर्शाने जखमा भरून काढणारा, आणि रोगराई त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही! मग साधा लढवय्या कोण होणार? त्यावर तोड अशी की, ज्याच्या ‘छाप’ या गुणाचा आकडा १७ किंवा १८ असेल त्यालाच पॅलाडिन होता येईल. १७ ही बेरीज तीन प्रकारांनी होते, १८ एका प्रकाराने. म्हणजे २१६ पैकी ४, अर्थात ५४ त एक.

कल्पना वरवर पटते. जे बलवान ते दुर्मिळ करा, म्हणजे झाले. पण आता असे समजा की पॅलाडिनचे बळ साध्या पात्राच्या तिप्पट आहे. ५४ पात्रांत तो एकच असेल तर सर्वांची सरासरी (५३ + ३) ÷ ५४, म्हणजे सुमारे १.०४ येते. फरक जवळपास नाहीच. आता ज्या टेबलाशी तो प्रत्यक्ष आला आहे तिथे चला. चौघे मित्र, बळ ३, १, १, १. एकूण सहा वाट्यांपैकी तीन त्याच्या एकट्याचे. उरलेल्या तिघांनी दर शनिवारी यायचे आणि त्याचा पराक्रम पाहत बसायचे! महापूर शंभर वर्षांतून एकदा येत असेल, पण आला त्या दिवशी त्याचे पाणी काही शंभराव्या हिश्श्याचे नसते.

बरे, ५४ त एक ही शक्यताही एकदाच फासे टाकणाऱ्यासाठी. मनासारखे पडेपर्यंत नवनवी पात्रे काढत राहणाऱ्या चिकट गड्याला ३८ खेपांत यश मिळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. (५३/५४ चा ३८ वा घात काढून १ मधून वजा करा.)

उलट बाजूची गंमत १९७८ च्या नियमपुस्तकात आहे. त्यातल्या निःशस्त्र भिक्षूला तीन गुणांत प्रत्येकी किमान १५ आणि चौथ्यात ११ लागत. तीन साध्या फाशांनी हे जुळण्याची शक्यता सुमारे अडीच हजारांत एक. एवढे करून हाती काय आले? पहिल्या पायरीवर चिलखताविना फिरणारा एक दुबळा गडी. दुर्मिळता आणि बळ यांचा संबंध नियम करणाराने जोडला तरच जुळतो, आपोआप नाही.

दुसरा उपाय बळ मोजूनमापून देण्याचा. जादूगाराला आरंभी दिवसाला एकच मंत्र मिळे. माझ्या मते हा अधिक शहाणपणाचा, कारण त्याचा हिशेब टेबलाशीच तपासता येतो. समजा, मंत्राने शत्रूची १८ गुणांची हानी होते. लढवय्याचा वार दोनांत एकदा लागतो आणि लागला की आठ पृष्ठांच्या फाशाने हानी ठरते. तिची सरासरी ४.५, म्हणून दर फेरीला २.२५. आठ फेऱ्यांत त्याचेही १८ होतात. फिटंफाट! पण सूत्रधाराने दिवस दोनच फेऱ्यांत संपवला तर १८ विरुद्ध ४.५. तेव्हा नवा पेशा रचणाराने ‘किती बळ?’ एवढेच विचारून भागत नाही. दिवसात किती फेऱ्या होणार, हेही विचारावे लागते.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलाडिन आणि भिक्षू यांच्यावरील गुणांची अट काढून टाकली गेली. ज्याला हवा त्याने तो पेशा घ्यावा. त्यामुळे तोल सांभाळण्याचे काम पेशाच्या अंगच्या शक्तींवरच आले.

वर्गात हे करून पाहा. एक शिपाई दर फेरीला हमखास १ गुण मिळवतो. एक मांत्रिक दोन फासे टाकतो. बारा पडले तर ३६ गुण, एरवी शून्य. दोघांची सरासरी तंतोतंत सारखी आहे. दहा फेऱ्यांची एक लढत, अशा वीस लढती खेळा आणि मांत्रिक किती लढतींत रिकाम्या हाताने परतला ते फळ्यावर मांडा. गणिताप्रमाणे आकडा पंधराच्या आसपास यायला हवा. मग मांत्रिक झालेल्या मुलाला विचारा, पुढच्या खेळाला त्याला कोण व्हायचे आहे.