डावा दांडा ओढला, अन् बुलडोझर उजवीकडे!

विहिरीच्या काठापासून चार हातांवर बुलडोझर थांबला, तेव्हा माझ्या पायांत उभे राहण्याचे बळ उरले नव्हते. दांडे माझ्याच हातात होते. उताराचे रान, उजव्या अंगाला बिनकठड्याची विहीर, आणि यंत्र तिच्यापासून दूर जावे म्हणून मी डावा दांडा पोटाशी ओढलेला. पण यंत्राने तोंड फिरवले ते थेट विहिरीकडे! मी आणखी जोर केला. ते आणखी उजवीकडे वळले. शेवटी कसे सुचले कोण जाणे, दांडा सोडला, पाते जमिनीत टाकले आणि दोन्ही ब्रेकांवर उभा राहिलो. यंत्र थांबले. पुढची दोन ढेकळे मात्र खाली पाण्यात पडल्याचा आवाज मी ऐकला.

ही गोष्ट १९८३ सालच्या मे महिन्यातली, माणदेशातली. त्याच वर्षी मी हा जुना बुलडोझर लिलावात घेतला होता. लिलावातल्या जनावराचे दात पाहायची सोय नसते, हे शेतकऱ्याच्या मुलाला कुणी सांगायला नको. पण ताशी भाड्याचा हिशेब डोक्यात शिरला की बाकीचे शहाणपण बाहेर पडते. धाकट्या भावाची शिल्लक, सोसायटीचे कर्ज आणि आमच्या सौभाग्यवतीच्या पाटल्या एवढे भांडवल त्या लोखंडात अडकले होते. शिवाय एका शेतकऱ्याचे सहा एकर उताराचे रान मृगापूर्वी सपाट करून देण्याचा शब्द दिलेला, आणि त्याची उचलही घेऊन खर्चलेली. मृगाला बारा दिवस उरले होते.

विहिरीचा प्रसंग होण्याआधी आठवडाभर यंत्राची तक्रार चालूच होती. पात्यापुढे मातीचा ढीग असला की ते डावीकडे वळायला तयार नसे. त्यात आता हा प्रकार. गावात एकमत झाले, मेस्त्रींचे झाले, माझेही झाले: डावा क्लच गेला!

ज्या वाचकांनी हे यंत्र दुरूनच पाहिले असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. साखळ्यांवर चालणारे यंत्र कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी बेंजामिन होल्ट याने १९०४ साली चालवून दाखवले. त्याची सुरवंटासारखी चाल पाहून त्याला कॅटरपिलर म्हणू लागले, आणि १९२५ साली त्याच नावाची कंपनी निघाली. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या अशा ट्रॅक्टरांनी कांस गवताने गिळलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे काम सुरू झाले. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी आपल्याला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. माझे यंत्र त्याच जुन्या घराण्यातले. मोठे डिझेल इंजिन जागे करायला त्याच्या अंगावर एक लहान पेट्रोल इंजिन असे, आणि ते आधी सुरू करण्यातच सकाळचा अर्धा राग निघून जाई.

या यंत्राला वळवायचे चाक नसते. इंजिनाची ताकद मुख्य क्लचातून व गिअरपेटीतून मागे येते आणि तिथून दोन वाटांनी दोन साखळ्यांना जाते. प्रत्येक वाटेवर एक स्टिअरिंग क्लच बसवलेला असतो. त्यात दातेरी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एक इंजिनाच्या बाजूची, एक साखळीच्या बाजूची. जोरकस स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. चालकाने डावा दांडा ओढला की डाव्या चकत्या सुटतात आणि डाव्या साखळीची ताकद तुटते. मग डावा ब्रेक दाबला की ती जागी ठरते, उजवी चालत राहते आणि यंत्र डावीकडे वळते.

मेस्त्रींनी डावी बाजू खोलली. बसायची जागा उतरवली, डिझेलची टाकी उतरवली, झाकण काढले. दोन दिवस, दोन हेल्पर आणि माझा तिसरा प्रहर या कामात गेला. बाहेर आलेल्या चकत्या पाहून मेस्त्री गप्प झाले. लायनर जाड, दाते शाबूत, सगळे कोरडे खडखडीत.

"काढल्याच आहेत, तर बदलून टाकू, शेठ," ते म्हणाले.

नव्या जोडाची किंमत ऐकून मला पाटल्यांची आठवण झाली. शिवाय माल मुंबईहून यायचा. मी म्हटले, "आहेत त्याच बसवा." त्यांनी बसवल्या. यंत्र पूर्वीसारखेच डावीकडे वळेना. मेस्त्रींवर माझा राग नाही; ज्याला आजार दाखवला तेच त्यांनी कापले, आणि दाखवणारा मी होतो.

शेजारच्या वाडीत एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांची हयात धरणाच्या कामावर डोझर चालवण्यात गेली होती. सगळे त्यांना नाना म्हणत. मी त्यांना सायकलवर डबलसीट बसवून आणले. माझ्या मनात होते की ते आल्याबरोबर पाना मागतील. त्यांनी आधी पाणी मागितले, मग बांधावर बसून चौकशीच सुरू केली.

"रिकामं आसताना डावीकडं वळतंय?"

"वळतं."

"माती फुडं आसली की न्हाई वळत. बरं, तवा इंजान कण्हतंय का मजेत गातंय?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी आठवून सांगितले, "मजेत चालतं, नाना. ओझं असल्यासारखं वाटतच नाही."

"आन् माती घेऊन नीट म्होरं चाललं, तर आपसूक कुणीकडं सरकतंय?"

"उजवीकडे. पण ते मला वाटलं उतारामुळे..."

नानांनी हात वर करून मला थांबवले. "मालक, बैलं हाकली का न्हाई कदी? गाडी डावीकडं घ्यायची तर डावा बैल थांबवायचा. पर वढायचा कुनी?"

"उजव्याने."

"आन् उजवा बसकन मारनारा आसला मंग? तुमी थांबल्याल्या बैलाला कशापायी मारताय?"

मी शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या कानशिलांवर गरम वाफ आली. डावीकडे वळताना सारी ताकद उजव्या क्लचातून जाते, हे मला माहीत होते. पण 'डावीकडे वळत नाही' या शब्दांनीच माझी नजर डावीकडे बांधून ठेवली होती. डाव्या चकत्या चिकटून सुटत नसत्या, तर ब्रेक दाबताच इंजिन त्याच्याशी झुंजून कण्हले असते, आणि यंत्राने रिकामे असतानाही त्रास दिला असता. पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या यंत्रात गंजाने चकत्या अशा चिकटतात. इथे इंजिन मजेत गात होते. म्हणजे ताकद कुठेतरी घसरून वाया जात होती.

नाना तरी एवढ्यावर विसंबले नाहीत. त्यांनी प्रथम दोन्ही साखळ्यांचा ताण पाहिला आणि पात्याची धार तिरकी नाही ना, ते पाहिले. कारण एवढ्यानेही यंत्र एका अंगाला ओढते. मग ते चढून बसले. मोकळ्या सपाट जागी सर्वांत वरचा गिअर टाकला, डावा दांडा ओढून धरला, उजवा ब्रेक पायाने पक्का दाबला आणि मुख्य क्लच हळूहळू लावला. आता उजवी साखळी ब्रेकने धरलेली, डावी सुटलेली. क्लच धड असतील तर इंजिनाने गुदमरून मान टाकायला हवी. पण ते फिरतच राहिले! दोनतीन सेकंदांत नानांनी मुख्य क्लच सोडला. याहून जास्त धरले तर चकत्या जळतात. मग हाच प्रयोग उलट केला: उजवा दांडा ओढला, डावा ब्रेक दाबला. इंजिन घुसमटले, थरथरले आणि बंद पडायला आले.

या दोन प्रयोगांत काय काय निकालात निघाले पाहा. दुसऱ्या खेपेला इंजिन अडले, म्हणजे मुख्य क्लच निर्दोष आणि डावाही निर्दोष. उरला उजवा. यासाठी एक नटही सैल करावा लागला नव्हता.

पुढची पायरी दांड्याची. दांडा ओढताना सुरुवातीला थोडी मोकळी चाल हवी, मग जोर लागायला हवा. चकत्या झिजत जातात तशी ही मोकळी चाल कमी होत जाते, आणि ती संपली की दांड्याचा दाब क्लचावर कायमचा राहतो. स्प्रिंगांना चकत्या पुऱ्या दाबता येत नाहीत. डाव्या दांड्याला चांगली चाल होती. उजव्याला जवळजवळ नव्हतीच. नानांनी ती बसवून घेतली आणि मला वाटले, सुटलो! पुन्हा प्रयोग केला. क्लच पूर्वीपेक्षा बरा, पण तरी घसरतच होता.

"मंग त्येल," नाना म्हणाले आणि यंत्राखाली शिरले.

या जुन्या जातीचे स्टिअरिंग क्लच कोरडे चालायचे असतात. नंतरच्या अनेक यंत्रांत ते मुद्दाम तेलात ठेवलेले असतात, त्यांना हे लागू नाही. कोरड्या क्लचाच्या दोन्ही अंगांना गिअर ऑईलची घरे असतात. मध्ये ऑईल सील. क्लचाच्या खणाला तळाशी एक बूच असते. डाव्या खणाचे बूच काढले, तर थोडी काळी भुकटी पडली. उजव्याचे काढले आणि नानांच्या मनगटावरून गिअर ऑईलचा जाड ओघळ कोपरापर्यंत आला. पाटल्या जिथे गेल्या असत्या, ती जागा ही नव्हे, हे ते तेल पाहून मला कळले.

सील बदलायचे तर आठदहा दिवस हवेत. नानांनी मधला मार्ग काढला: क्लच धुवायचा. यंत्र पुरते थंड होऊ दिले. बिड्या दूर ठेवायला लावल्या. ही गोष्ट दोनदा सांगतो, कारण बंद खणात रॉकेल आणि जवळ ठिणगी म्हणजे पुढे लिहायला मी राहिलो नसतो. बूच लावून उजव्या खणात रॉकेल ओतले, यंत्र रिकामेच थोडे पुढेमागे केले, मग चकत्या सुटून त्यांच्यामध्ये रॉकेल शिरावे म्हणून उजवा दांडा पुनःपुन्हा ओढला-सोडला. बूच काढल्यावर काढ्यासारखे काळे रॉकेल बाहेर आले. असे दोनदा केले आणि रात्रभर बूच उघडे ठेवून सगळे वाळू दिले. सकाळी इंजिन उजव्या ब्रेकलाही अडले. पात्यापुढे ढीग घेऊन यंत्र डावीकडे असे वळले, की मेस्त्रींनी टोपी काढून डोके खाजवले.

पण माझ्या मनातली विहीर बुजली नव्हती. मी नानांना विचारले, "मग त्या दिवशी उतारावर? तिथे तर माती नव्हती, ओझे नव्हते."

"त्यो रोगच न्हवता," ते म्हणाले. "उताराला इंजान वढत न्हाई, मागं धरून ठेवतंय. तुमी डावा सोडला. डावी साखळी मोकळी हून पळाली, उजवी धरल्याली राह्यली. मंग जानार कुठं?"

उतारावर दांडा उलटा काम करतो! डावीकडे जायचे असेल तर एक तर डाव्या दांड्याबरोबर डावा ब्रेकही घट्ट दाबावा लागतो, नाहीतर चक्क उजवा दांडा ओढावा लागतो. आम्ही एका रोगात एक धड लक्षण मिसळले होते आणि दोन्हींचा आळ डाव्या क्लचावर घातला होता. नानांनी मला त्याच उतारावर बसवले, विहीर पुरती लांब ठेवून, आणि दहा खेपा खाली उतरायला लावले. पहिल्या तीन खेपांना माझा हात चुकीच्या दांड्याकडेच गेला.

सहा एकर रान मृगाच्या आदल्या दिवशी पुरे झाले. मधल्या काळात क्लच आणखी एकदा धुवावा लागला. जुलैत उजवी बाजू खोलली, तेव्हा सीलची कड वाळक्या शेंगेसारखी कडक झालेली निघाली. तेवढे सील नवे टाकले. चकत्या पुसून त्याच बसवल्या. नानांना पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीला धोतरजोडी दिली, ती घेतली.

यंत्र मी १९९६ साली विकले. घेणारा तरुण लातूरकडचा होता. इंजिन, साखळ्या, पाते सगळे त्याने ठोकून पाहिले. पैसे मोजून झाल्यावर मी त्याला उतारावर नेले, डावा दांडा ओढायला सांगितला आणि स्वतः उजव्या बाजूने दूर होऊन उभा राहिलो.