भंगार गाडी : तोडणारा हात आपला, हिशेब कोणाचा?

उमरेडहून नागपूरकडे निघालो की गॅरेजच्या मागे, कबाड्याच्या दुकानापुढे गंजलेल्या मोटारी दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते नुसते भंगार वाटते. पण ज्याच्या हातात पाना आणि डोक्यात हिशेब आहे, त्याला त्यात तांबे, ॲल्युमिनियम, शिसे आणि चालू स्थितीतला डायनॅमो दिसतो. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले या धंद्यात रोजीवर राबतात. गाडी ती तोडतात, नफा मात्र दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो. असे का? कारण माल ओळखणे आणि वही लिहिणे आपण शिकलो नाही.

मोटारीच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग लोखंड-पोलादाचा असतो. खरा भाव असतो तो उरलेल्या मालाला. म्हणून अख्खी गाडी काट्यावर चढवून लोखंडाच्या भावाने देणे म्हणजे भिवापूरची मिरची ज्वारीच्या भावाने विकणे होय!

आधी चालू भाग काढावेत. सेल्फ, डायनॅमो, रेडिएटर, गिअर बॉक्स, दरवाजे, काचा, हेडलाइट यांना गिऱ्हाईक मिळाले तर वजनापेक्षा जास्त दाम येतो. जे चालत नाही त्याची धातूप्रमाणे वाटणी करावी. खिशात साधे लोहचुंबक ठेवा. ते चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळ असण्याची शक्यता मोठी. वायरिंग, सेल्फ आणि डायनॅमोत तांबे असते. पिस्टन आणि गिअर बॉक्सच्या खोळीत बहुधा ॲल्युमिनियम. जुने ॲल्युमिनियम वितळवायला नव्याच्या तुलनेत केवळ ५ टक्के ऊर्जा लागते. म्हणूनच कारखान्यांना ते हवे असते. अलीकडच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू अल्प प्रमाणात असतात. तो फोडू नये, अख्खाच बिलावर विकावा.

मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवा. ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई, आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजारही कुर्ल्यातच. उत्पादन थांबल्यावर नवे सुटे भाग दुर्मीळ झाले, तेव्हा भंगारातून काढलेले भागच कामी येत. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आपल्या नागपूरजवळ हिंगण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एस.टी.ने आपल्या कार्यशाळांत जुन्या चॅसिसवर नवी पोलादी बॉडी चढवून अनेक गाड्या पुन्हा मार्गावर आणल्या. जुने सगळेच टाकाऊ नसते, हे त्यांनी दाखवून दिले.

पण बंधू-भगिनींनो, या पैशात विषही आहे. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते. काही घरी अंगणातच बॅटरी फोडतात, चुलीवर शिसे वितळवतात आणि शेजारी लेकरू खेळत असते. त्या धुळीने लहान मुलांचा मेंदू कायमचा मंदावतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त आहे, आणि अशी बॅटरीफोड हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. ज्या लेकराच्या शाळेसाठी आपण राबतो, त्याचीच बुद्धी चार पैशांपायी गहाण टाकायची काय? बॅटरी अख्खी परत करावी. तांब्यासाठी वायर जाळू नये, सोलावी. सीएनजीची टाकी, पेट्रोलची टाकी आणि एअर बॅग यांना गॅस कटर लावू नये. तिथे क्षणात जीव जातो. अनोळखी जड पेटी किंवा यंत्र आले तर हात लावण्याआधी चौकशी करा. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने यंत्र फोडले गेले. त्यात एका कामगाराचा बळी गेला आणि अनेकजण आजारी पडले.

कागद हाही मालच आहे. गाडी कबाड्याला दिली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर उद्या तिच्या नंबरावर गुन्हा घडल्यास पोलीस पहिल्या मालकाच्या दारात येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होऊ शकते. शिवाय खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत मोटार वाहन करात सवलत देण्याची तरतूद आहे. माल घेणाऱ्यानेही बिल व आरसी पाहिल्याशिवाय काहीच घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि बिल नसले की निर्दोष माणसालाही ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

म्हणून घरातला जो मुलगा पाना चालवतो, त्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करू द्या. जी मुलगी कॉमर्स शिकते, तिच्या हाती धंद्याची वही द्या : किती किलो आले, काय भावाने गेले, कोणाचे बिल बाकी. तोडणारा हात आपला आहेच. आता काटा आणि बिलबुकही आपल्याच हाती आले पाहिजे.