‘क्रेव्हिस’ आणि ‘क्रेव्हास’ : कातळाची कपार, बर्फाची भेग

हिमालयातल्या मोहिमांची पुस्तकं आणि अंटार्क्टिकावरचे माहितीपट यांच्यात हे दोन इंग्रजी शब्द वारंवार भेटतात. लिहायला जवळजवळ सारखे, ऐकायलाही जवळचे. पहिल्यात आघात सुरुवातीला येतो, दुसऱ्यात शेवटच्या ‘वास’वर. मराठीत आणताना दोघांनाही ‘फट’ किंवा ‘भेग’ म्हणून मोकळं होण्याकडे कल असतो. पण क्रेव्हिसमध्ये बोटं जातात, फार तर अख्खा हात जातो. क्रेव्हासमध्ये स्लेज, तिला जुंपलेले कुत्रे आणि सोबतचा माणूस असं सगळंच गेलेलं आहे.

क्रेव्हिस लहान आणि क्रेव्हास मोठी, असा फरक शब्दकोश सांगतात. तो बरोबर आहे, पण त्याने काम पुरं होत नाही. ज्यात ती भेग पडते ते कसं वागतं, हे पाहिल्याशिवाय दोन शब्दांमधलं अंतर कळत नाही.

एकाच घरातले दोघे

दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधल्या एकाच शब्दातून आले. त्याच्या मुळाशी ‘फुटणे, तडकणे’ हे क्रियापद आहे आणि त्याही मागे लॅटिनमधलं तडतड आवाज करणं. क्रेव्हिस मध्ययुगातच इंग्रजीत शिरला आणि रुळून गेला. क्रेव्हास मात्र एकोणिसाव्या शतकात नव्याने उचलला गेला. त्या काळात इंग्रज प्रवासी आणि शास्त्रज्ञ आल्प्समध्ये जाऊ लागले होते. शामोनीचे फ्रेंच बोलणारे वाटाडे हिमनदीतल्या भेगांना जे म्हणत, तेच त्यांनी लिहून घेतलं. घरचा जुना शब्द हाताशी होता, तरी तो त्यांना पुरला नाही.

क्रेव्हिस : जागच्या जागी राहणारी फट

खडक, भिंत, लाकूड, धातू अशा घट्ट वस्तूतली अरुंद आणि बहुधा उथळ फट म्हणजे क्रेव्हिस. ती आज जिथे आहे तिथेच उद्याही असते, म्हणूनच तिच्यात काही ना काही साचतं किंवा राहायला येतं. आपल्या सह्याद्रीत हे पावलोपावली दिसतं. इथला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो थंड होताना आकसला आणि त्यात सांधे पडले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सुमारे ६० मीटर उंचीचे उभे खांब याच आकसण्यातून घडले आहेत. पुढे ऊन-पावसाने असे सांधे रुंदावतात, त्यांत माती धरते आणि पावसाळ्यात नेचे उगवतात. सातेरी मधमाशा कपारीत पोळं बांधतात आणि फुरसंही तिथेच दबा धरून बसतं. कड्यावर चढणारा गडी बोटं रोवायला अशीच कपार शोधतो. तिच्यावर भार टाकता येतो, कारण ती हलत नाही.

हाच शब्द कारखान्यात आणि दवाखान्यातही वावरतो. बोल्टच्या डोक्याखाली किंवा गॅस्केटच्या कडेला उरलेल्या बारीक फटीत पाणी अडकून राहतं. तिथला ऑक्सिजन संपत जातो, क्लोराइडचं प्रमाण वाढत जातं आणि एरवी न गंजणारं स्टेनलेस स्टीलही आतून खाल्लं जातं. या गंजण्याला अभियंते क्रेव्हिसचंच नाव देतात. दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेलाही दंतवैद्य हाच शब्द वापरतात. निरोगी हिरडीत ती साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. खडक, पोलाद आणि हिरडी, तिन्हीकडे अर्थ एकच राहतो : अरुंद जागा, जिथे काहीतरी अडकून राहतं.

क्रेव्हास : वाहत्या बर्फाची भेग

क्रेव्हास समजायची तर आधी हिमनदी समजली पाहिजे. ती बर्फाने गोठलेली नदी नाही. वर्षानुवर्षं पडलेलं हिम दाबलं जाऊन त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो बर्फ स्वतःच्या वजनाने उताराला सरकत राहतो. एव्हरेस्टच्या वाटेवरचा खुंबू हिमप्रपात, म्हणजे हिमनदीचा उभ्या उतारावरचा तुटका भाग, दिवसाला सुमारे एक मीटर सरकतो.

या सरकणाऱ्या बर्फाचे दोन स्वभाव आहेत. खालचा बर्फ प्रचंड दाबाखाली असतो. तो मोडत नाही, आकार बदलत सावकाश वाहतो. वरचा थर मात्र ठिसूळ. त्याला ताण सोसला नाही की तो तडकतो. शिळी भाकरी वाकवली की वरच्या बाजूला तडे जातात, तसंच हिमनदी उतारावरून खाली वाकताना तिच्या पाठीवर आडव्या भेगा पडतात. दरी रुंद झाली की बर्फ पसरतो आणि भेगा लांबीच्या दिशेने जातात. कडेचा बर्फ खडकाला घासून मागे राहतो आणि मधला पुढे पळतो, म्हणून काठालगत तिरक्या भेगा दिसतात. हिमनदीच्या उगमाशी डोंगराला चिकटलेला बर्फ आणि खाली सरकू लागलेला बर्फ यांच्यात एक मोठी भेग उघडते. तिला जर्मन भाषेतलं ‘बर्गश्रुंड’ हे नाव आहे. शिखराच्या शेवटच्या चढाईआधी गिर्यारोहकाला बहुतेक वेळा तीच ओलांडावी लागते.

फार थंड नसलेल्या हिमनद्यांत या भेगा साधारण ३० ते ५० मीटरपर्यंत खोल जातात. त्याखालचा मऊसर बर्फ त्यांना पुन्हा मिटवून टाकतो. ध्रुवप्रदेशात बर्फ अधिक थंड आणि कडक असल्याने त्या आणखी खोल उतरतात.

म्हणजे क्रेव्हास ही कायमची जागा नाही. ती उघडते, हिमनदीबरोबर खाली जाते, रुंदावते, मिटते, आणि तिच्या मागे वर दुसरी उघडते. मागच्या वर्षीच्या मोहिमेचा नकाशा या वर्षी भरवशाचा राहत नाही. खुंबूमध्ये शेर्पांचं एक खास पथक दर हंगामात अॅल्युमिनियमच्या शिड्या आणि दोर लावून वाट आखतं, आणि हंगाम चालू असतानाही ती वाट पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागते. एव्हरेस्टला दक्षिणेकडून गेलेले आपले गिर्यारोहक याच शिड्यांवरून गेले आहेत. २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गेलेली पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची मोहीमही त्यांत आली.

वर हिमाचा पूल, खाली पोकळी

क्रेव्हासचा खरा धोका तिच्या खोलीपेक्षा तिच्या लपण्यात आहे. वाऱ्याने उडालेलं हिम भेगेच्या दोन्ही ओठांवर साचत जातं आणि मध्ये जुळून त्याचा पूल होतो. वरून पाहणाऱ्याला सपाट, पांढरंशुभ्र मैदान दिसतं. पहाटेच्या थंडीत हा पूल माणसाचं वजन पेलतो आणि दुपारी ऊन लागल्यावर तोच कोसळू शकतो. हिमनदीवर मध्यरात्रीनंतर किंवा भल्या पहाटे चालायला सुरुवात करतात, त्याचं एक कारण हे.

१४ डिसेंबर १९१२ रोजी अंटार्क्टिकात काय घडलं ते पाहा. डग्लस मॉसन, झेव्हियर मेर्ट्झ आणि बेलग्रेव्ह निनिस हे तिघे संशोधक आपल्या मोहिमेच्या तळापासून सुमारे ५०० किलोमीटर पूर्वेला होते. मेर्ट्झ स्कीवरून पुढे गेला. मॉसन स्लेजवर बसून त्याच जागेवरून पार झाला. निनिस आपल्या स्लेजशेजारून पायी चालत होता. स्की आणि स्लेज वजन पसरवतात, पाऊल ते एका ठिकाणी टेकवतं. हिमाचा पूल फुटला आणि निनिस, उत्तम कुत्रे, तंबू आणि बहुतेक सगळं अन्न आत गेलं. सुमारे ४५ मीटर खाली एका कंगोऱ्यावर एक जखमी कुत्रा विव्हळताना दिसला. जवळचे सगळे दोर जोडले तरी तिथवर पोचत नव्हते. दोघे तासन् तास हाका मारत राहिले, निनिसचं उत्तर आलं नाही.

परतीच्या वाटेवर जानेवारीत मेर्ट्झ मरण पावला. एकटा उरलेला मॉसन स्वतःही एका क्रेव्हासमध्ये पडला आणि स्लेजला बांधलेल्या दोराला लोंबकळत राहिला. दोराला मारलेल्या गाठी धरून तो काठापर्यंत आला, काठ फुटला, पुन्हा खाली गेला आणि पुन्हा चढला. ८ फेब्रुवारी १९१३ ला तो तळावर पोचला. ही हकिकत वाचताना ‘फटीत पडला’ असे शब्द समोर आले तर निनिस कसा गेला आणि मॉसन कशातून वर आला, हे वाचकाला कसं कळावं?

आत गेलेलं ४१ वर्षांनी बाहेर

क्रेव्हास हिमनदीबरोबर चालते, याचा पुरावा आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर मिळाला. ऑगस्ट १८२० मध्ये डॉ. जोसेफ हॅमेल यांच्या चमूवर हिमलोट आला आणि त्याने तीन वाटाड्यांना एका क्रेव्हासमध्ये लोटलं. तेव्हा त्यांचा शोध लागला नाही. पुढे हिमनद्यांच्या वेगाचा अभ्यास करणारे जेम्स फोर्ब्स यांनी अंदाज सांगितला, की हे अवशेष सुमारे ४० वर्षांनी हिमनदीच्या टोकाशी बाहेर येतील. १८६१ मध्ये बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाशी ते खरोखरच बाहेर येऊ लागले. कातळाच्या कपारीत पडलेली वस्तू तिथेच सापडते. क्रेव्हासने मात्र ती माणसं डोंगराच्या माथ्याकडून पायथ्याकडे आणून सोडली.

आपल्याकडची अलीकडची घटना ४ ऑक्टोबर २०२२ ची. उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमलोट कोसळला आणि त्यातल्या अनेकांना त्याने क्रेव्हासमध्ये ढकललं. या संस्थेत महाराष्ट्रातली मुलंमुलीही शिकायला जातात. हिमनदीवर तीन-चार जणांनी एका दोरात, एकमेकांपासून पुरेसं अंतर ठेवून चालायचं, हा तिथल्या शिक्षणाचा पाया आहे. एक जण पडला तर बाकीच्यांनी त्याला तोलून धरायचं असतं. बर्फात आधार रोवून, कप्प्यांमधून दोर फिरवून त्याला वर ओढायचं तंत्रही शिकवतात. हे झटपट करावं लागतं. भेग खाली निमुळती होत जाते, अंगाच्या उबेने बर्फ वितळतो आणि अडकलेला माणूस आणखी खाली रुतत जातो.

बर्फ नसलेल्या प्रदेशातली क्रेव्हास

आल्प्सपासून दूर, अमेरिकेतल्या लुइझियानात, याच शब्दाला दुसरं आयुष्य मिळालं. तिथल्या फ्रेंच भाषिक वसाहतीत मिसिसिपीचा मातीचा बांध फुटून पडलेल्या खिंडाराला क्रेव्हास म्हणत. मे १८४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला सोव्हे यांच्या मळ्याजवळ बांध फुटला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तो पूर आजही ‘सोव्हेची क्रेव्हास’ म्हणून ओळखला जातो. अशा खिंडारातून बाहेर पडलेला गाळ पंख्यासारखा पसरतो, आणि भूवैज्ञानिक त्या थराच्या नावातही हाच शब्द वापरतात.

इथे बर्फ नाही, तरी धागा तोच आहे. मोठा भार धरून ठेवणारं काहीतरी ताणाखाली फाटतं आणि त्या फाटण्याने सगळं बदलून जातं.

पाणी शिरलं की

हिमनदीच्या अभ्यासकांना आज क्रेव्हासची चिंता वाटते ती वितळलेल्या पाण्यामुळे. पाणी बर्फापेक्षा जड असतं. रिकामी भेग खालच्या दाबाने मिटते. पाण्याने भरलेल्या भेगेत मात्र पाण्याचा दाब तिला आणखी खोल चिरत नेतो, कधी थेट तळापर्यंत. २००२ च्या सुरुवातीला अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळची लार्सन-बी ही हिमपट्टी सुमारे महिनाभरात फुटली. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फाचे तुकडे झाले. पृष्ठभागावरच्या तळ्यांचं पाणी भेगांत उतरणं हे त्यामागचं एक मुख्य कारण मानलं जातं. हवामानबदलाच्या बातम्यांत क्रेव्हास हा शब्द आता वाढत्या प्रमाणात येईल, म्हणून तो नीट कळायला हवा.

मराठीत लिहिताना

क्रेव्हिससाठी मराठी समृद्ध आहे. खडकात कपार, दारात फट, लाकडात चीर, भांड्यात तडा, दगडात खाच. संदर्भ पाहून यातला नेमका शब्द निवडावा, सगळीकडे एकच लावू नये. लुइझियानातल्या क्रेव्हासला ‘खिंडार’ हा आपला शब्द चपखल बसतो. बर्फातल्या क्रेव्हाससाठी ‘हिमभेग’ लिहावं, किंवा गिर्यारोहक बोलतात तसं सरळ ‘क्रेव्हास’ लिहावं. ‘दरी’ मात्र लिहू नये. दरी दुरून दिसते, क्रेव्हास कित्येकदा पाय पडेपर्यंत दिसत नाही.

बातम्या लिहिणाऱ्या आणि मोहिमांची पुस्तकं मराठीत आणणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘गिर्यारोहक दरीत कोसळला’ असं लिहिण्याआधी तो कशात पडला हे एकदा विचारून घ्या. आणि वाचकांपैकी कोणी पुढच्या हंगामात हिमनदीवरून जाणाऱ्या वाटेला निघणार असेल, तर नेणाऱ्या संस्थेला दोरात बांधून चालवणार का, आणि हिमभेगेतून माणूस वर काढण्याचा सराव आधी करून घेणार का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या संस्थेबरोबर जाऊ नका.