परदेशी घटपर्णी मागवण्याआधी आपली रात्र मोजा



आपल्या भागात रोपवाटिका चालवणारे गट आता बरेच झाले आहेत. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, आंब्या-काजूची कलमं हा आपला नेहमीचा माल. पण अलीकडे गिऱ्हाईक एक वेगळीच विचारणा करतं, “ते किडे खाणारं झाड आहे का हो तुमच्याकडे?” मोबाईलवर सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं. पानाच्या टोकाला लोंबणारी सुरई, तिला झाकण आणि आत घसरून पडलेली माशी. परदेशातल्या रोपवाटिका अशी रोपं घरपोच पाठवतो म्हणतात. एकेका रोपाची किंमत ऐकली की कुणालाही वाटेल, चार मागवू, वाढवू आणि विकू.

असाच प्रस्ताव आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आला. पैसा गटाचा लागणार, म्हणजे दर आठवड्याला बाजूला काढलेल्या बचतीचा. म्हणून ठराव लिहिण्याआधी आम्ही ही झाडं नीट समजून घेतली. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी झाडाची ओळख. या सुरईवाल्या झाडाला मराठीत घटपर्णी म्हणतात आणि शास्त्रीय नाव नेपेंथिस. याच्या दीडशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपाईन्स या बाजूच्या. ही झाडं निकस जमिनीत वाढतात. तिथल्या मातीत नत्र आणि स्फुरद फार कमी, म्हणून ते किड्यांकडून मिळवायचं. आपण पिकाला खत घालतो, तसं हे झाड स्वतःचं खत स्वतः पकडतं. पण लक्षात ठेवा, किडा हे खत आहे, भाकरी नाही. भाकरी ते इतर झाडांसारखी उन्हातच करतं. म्हणून कुंडीत शेणखत किंवा युरिया टाकला तर मुळं जळतात. बोअरचं क्षाराचं पाणी घातलं तरी झाड खंगतं. त्याला पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं पाणी लागतं.

आता मुख्य गोष्ट. घटपर्णीची दोन घराणी आहेत, सखल भागातली आणि उंच डोंगरावरची. साधारण १००० मीटर उंचीच्या खाली वाढणारी ती सखल भागातली, त्याच्या वरची ती डोंगरावरची. दर १००० मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. मलेशियाच्या साबा राज्यात किनाबालू नावाचा पर्वत आहे. तिथली ‘राजा’ नावाची घटपर्णी १५०० ते २६५० मीटर उंचीवर वाढते. तिची सुरई एवढी मोठी की दोन लिटरहून जास्त पाणी मावावं. फोटोत सगळ्यात देखणी दिसतात ती बहुधा ही डोंगरावरचीच झाडं, आणि आपल्याकडे सगळ्यात आधी मरतात तीही हीच.

का मरतात? आपल्याला वाटतं, ऊन सोसत नसेल, मग हिरवी जाळी बांधू. पण खरी अडचण दिवसाची नाही, रात्रीची आहे.

गटाच्या हिशोबाने समजून घेऊ. झाड दिवसा कमावतं, म्हणजे उन्हात साखर तयार करतं. रात्री कमाई बंद, पण श्वास चालूच असतो आणि श्वासाला साखर खर्च होते. रात्र गार असेल तर खर्च थोडा. हवा दहा अंशांनी तापली की हा खर्च साधारण दुप्पट होतो. डोंगरावरच्या घटपर्णीला रात्री दहा ते पंधरा अंशांची सवय असते. तिला पंचवीस अंशांच्या रात्री ठेवलं, तर दिवसाची कमाई तेवढीच आणि रात्रीचा खर्च दुप्पट. असं घर किती दिवस चालेल? आधी ती शिलकीवर जगते. मग नवीन पान आधीच्या पानापेक्षा लहान येतं. पानाच्या टोकाला सुरई धरत नाही. शेवटी शेंडा काळा पडतो. रोप विकत घेणारा म्हणतो, “दोन महिने छान होतं, मग काय झालं कळलंच नाही.” दोन महिने ते बचत मोडून खात होतं, एवढंच.

आता आपल्या रात्री पाहू. कोकणात मे महिन्याची रात्र पंचवीस-सव्वीस अंशांच्या खाली क्वचितच उतरते. विदर्भात तर मध्यरात्रीही भिंती तापलेल्या असतात. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, पण मे महिन्यात तिथली रात्रही अठरा-वीस अंशांच्या आसपास असते. जिथे स्ट्रॉबेरी पिकते तिथे जर ही स्थिती, तर आपल्या गावाचं काय?

कुणी म्हणेल, खोली गार करू. तेही मोजू. एसी तासाला एक युनिट वीज खातो असं धरलं आणि रात्री दहा तास चालवला, तर महिन्याला ३०० युनिट झाले. शिवाय बहुतेक एसींचा आकडा १६ च्या खाली जातच नाही, आणि भारनियमन आपल्याला विचारून येत नाही. मग ओलं पोतं किंवा कूलर? देशावर कोरड्या हवेत माठातलं पाणी गारेगार होतं, कोकणात दमट हवेत तेवढं होत नाही. कूलरचंही तसंच. देशावर तो थोडा उपयोगी पडेल, पण मेमधली रात्र पंधरा अंशांवर आणणार नाही.

हीच गोष्ट किडे खाणाऱ्या इतर झाडांचीही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया आणि ओरेगन भागात कोब्रा लिली होते. तिची मुळं गार वाहत्या पाण्यात असतात, ती तापली की झाड गेलंच. व्हेनेझुएलाच्या उंच सपाट डोंगरमाथ्यांवर हेलिअँफोरा होते, तिलाही गारवाच हवा. व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे जबड्यासारखी पानं मिटणारं झाड, मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाचं. ते उन्हाळा सोसतं, पण त्याला हिवाळ्यात तीन-चार महिने थंड झोप लागते. आपल्याकडे ती मिळत नाही, म्हणून एक-दोन वर्षांत ते दमून जातं.

रोप सोसणारं असलं तरी ते आपल्यापर्यंत पोचतं कसं, हेही पाहायला हवं. परदेशी रोपवाटिका रोप कुंडीतून काढतात, मुळांची माती धुतात, ओल्या शेवाळात गुंडाळून पिशवीत घालतात आणि खोक्यात बंद करतात. पुढे काही दिवस अंधार. विमानतळावर, गोदामात, कुरिअरच्या गाडीत खोकं किती तापेल हे कुणाच्या हातात नसतं. तपासणीसाठी ते चार दिवस अडकलं तर आणखी वाईट. म्हणून मागवायचंच असेल तर माल नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान पोचेल असं बघावं. पाठवणारा थंड देशातला असेल तर तिकडच्या बर्फाचाही विचार करावा लागतो, कारण गोठलेलं रोपही मरतंच.

रोप मेलं तर भरपाई मिळेल असं पुष्कळ विक्रेते सांगतात, पण त्याच्या अटी वाचा. किती तासांत फोटो पाठवायचा? सरकारी तपासणीत उशीर झाला तर जबाबदारी कुणाची? भरपाई फक्त रोपाची, की पाठवणीच्या खर्चाचीही?

कागदपत्रांचं काम तर त्याहून मोठं. परदेशातून रोप आणणं म्हणजे साडी मागवण्यासारखं नाही. रोपाबरोबर तिकडची कीड आणि रोग येऊ शकतो आणि त्याचा फटका आपल्याच शेताला बसतो. म्हणून २००३ सालच्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे रोपं आणायला केंद्र सरकारचा आयात परवाना आधी काढावा लागतो. ज्या देशातून रोप निघतं तिथल्या सरकारचा, रोप निरोगी असल्याचा दाखला लागतो. त्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणतात. माती आणायला बंदी आहे, पीट आणि शेवाळावरही निर्बंध आहेत. एखाद्या झाडाचं नाव परवानगीच्या यादीत नसेल, तर त्याच्या किडीच्या धोक्याचा अभ्यास झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. संगरोध म्हणजे करोनात आपण पाहिलं ते विलगीकरणच, फक्त इथे ते रोपांसाठी.

दुसरा नियम सायटीस कराराचा. दुर्मीळ प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा हा जागतिक करार १९७५ पासून लागू आहे आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. सगळ्या घटपर्णी या कराराखाली येतात. ‘राजा’ आणि आपल्या मेघालयातली ‘खासियाना’ या दोन तर सगळ्यात कडक यादीत आहेत. त्यामुळे विक्रेत्याने “गिफ्ट लिहून पाठवतो, काही होत नाही” असं म्हटलं, तर तिथेच थांबा. बिनकागदाचं खोकं सरकार जप्त करून नष्ट करू शकतं. पैसे जातात आणि नाव गटाचं खराब होतं. शंका असेल तर मुंबईत केंद्र सरकारचं वनस्पती संगरोध कार्यालय आहे आणि आपल्या जिल्ह्यात वन विभाग आहे. पैसे भरण्याआधी तिथे लेखी विचारा.

आता साधा हिशोब मांडू. समजा, १५०० रुपयांचं एक अशी दहा रोपं मागवली, १५,००० झाले. पाठवणी आणि कागदांचे ६,००० धरले तर एकूण २१,०००. वाटेत आणि पहिल्या महिन्यात चार रोपं गेली, तर उरलेलं प्रत्येक रोप ३,५०० रुपयांना पडलं. ते विकायचं किती रुपयांना? आणि मे महिना अजून यायचाच आहे.

मग घटपर्णीचा नाद सोडूनच द्यायचा का? तसं नाही. सखल भागातलं घराणं आहे ना! मिराबिलिस, अँप्युलारिया, राफ्लेसियाना या जातींना उबदार रात्र आणि दमट हवा आवडते. कोकणातली आपली हवा त्यांना परकी नाही. देशावर मात्र फेब्रुवारी ते जूनपर्यंत सावली आणि ओलावा सांभाळावा लागेल. व्हेंट्राटा नावाचा एक संकर आहे, तोही बराच सोशिक. अशा संकरित घटपर्णी आपल्या देशातल्याच रोपवाटिकांत टांगत्या कुंडीत विकत मिळतात. परवाना नको, विमान नको. शिवाय घटपर्णीचं खोड कापून कलमं करता येतात. मोगऱ्याच्या फाट्या लावणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही, फक्त धीर हवा. मुळं धरायला दोन-तीन महिने लागू शकतात.

बियांच्या जाहिरातींपासून मात्र सावध राहा. शंभर रुपयांत निळ्या-जांभळ्या घटपर्णीच्या बिया कुणी विकत असेल, तर ती फसवणूक समजा. घटपर्णीचं बी फार काळ टिकत नाही, आणि उगवलं तरी विकण्याजोगं रोप व्हायला वर्षं लागतात.

रोप कुठूनही आणलं तरी पहिला महिना बाळंतिणीसारखं जपा. थेट ऊन नको. वर पारदर्शक पिशवी सैल बांधून ओलावा धरा आणि रोज थोडी मोकळी करत जा. जुन्या सुरया वाळल्या तर घाबरू नका, प्रवासाने तसं होतं. आत बोट घालू नका, किडे भरवू नका. नवीन पान कसं येतंय तेवढं पाहा. झाडाची खरी तब्येत नव्या पानावर कळते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. किडे खाणारी झाडं आपल्या सह्याद्रीतही आहेत. पावसाळ्यात कास पठारावर दवबिंदूची चिकट, चमकती पानं दिसतात. निळी-जांभळी सीतेची आसवंही किडे पकडणारीच, पण जमिनीखाली, बारीक पिशव्यांत. ही झाडं उपटून विकायचा विचार कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा. उपटलेली ती कुंडीत सहसा तगत नाहीत आणि पठारावरून गेली की सहज परत येत नाहीत. मेघालयातली घटपर्णी धोक्यात येण्यामागेही लोकांनी ती उपटून नेणं हे एक कारण आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय आला, तर वहीत आधी पाच गोष्टी लिहा. एक, झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव आणि ते किती उंचीवर वाढतं. दोन, आपल्या जागेचं पहाटे पाचचं तापमान. साधा तापमापक आणा आणि एप्रिल-मे महिन्यात रोज नोंद करा. डिसेंबरचा आकडा फसवा असतो. तीन, परवाना आणि दाखले कोण काढणार. चार, निम्मी रोपं मेली तर तोटा कोण सोसणार. पाच, तेच किंवा तसंच झाड देशात मिळतं का.

आमच्या ग्रामसंघाने परदेशी मागणीचा ठराव बाजूला ठेवला आहे. त्याऐवजी देशातल्याच रोपवाटिकेतून सखल भागातल्या दोन घटपर्णी घ्यायच्या, एक पूर्ण उन्हाळा सांभाळायच्या, आणि त्या तरल्या तर पावसाळ्यात कलमं करायची असं ठरलं आहे. रोज पहाटेचा आकडा लिहायची पाळी सदस्यांनी वाटून घेतली आहे. तुमच्या गटानेही एक तापमापक आणावा. घटपर्णी घ्या किंवा नका घेऊ, कुठलंही नवीन रोप आणताना ती वही उपयोगी पडेल.