न्यू जर्सी जवळ, इंदूर लांब

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतलं एखादं तरी पोर सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ते इंदूरबाहेर आहे. पुणे, हैदराबाद, बंगळूर, नाहीतर थेट अमेरिका. २०२० च्या टाळेबंदीत ही पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली, वरच्या खोलीत टेबल लावून बसली आणि आई-बाबांना वाटलं, बरं झालं, आता इथेच राहतील. मग एकेकाला परत बोलावणं आलं. मी अजून इथेच आहे, पण बोलावणं मलाही आलंय: आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात हजेरी.

मला या बोलावण्याचं हसू येतं ते वेगळ्याच कारणाने. आमचा क्लायंट न्यू जर्सीत आहे, पुण्यापासून बारा हजारांहून जास्त किलोमीटरवर. त्यांच्यातल्या एकालाही मी आजवर समोरासमोर भेटलेलो नाही. कोड लांबून लिहिता येतो, तपासता येतो, चालवता येतो, या एका भरवशावर त्यांनी आमच्या कंपनीला काम दिलं. आमची कंपनी हाच भरवसा गेली कित्येक वर्षं विकते आहे. आणि तीच कंपनी मला सांगते की इंदूर ते पुणे हे सहाशे किलोमीटरचं अंतर टीमवर्कला बाधक आहे!

भारताचा हा सगळा धंदाच मुळात लांबून काम करण्याचा आहे. सुरुवातीला आपण माणसं विमानात बसवून पाठवायचो. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात केंद्र काढलं आणि उपग्रहाच्या जोडणीवरून काम अमेरिकेत जाऊ लागलं. माणूस इथे, काम तिथे. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाव्यापार करारात सेवा विकण्याचे चार प्रकार दिले आहेत. त्यातला पहिला म्हणजे सेवा सीमा ओलांडते, माणूस जागेवरच राहतो. चौथा म्हणजे माणूस स्वतः जातो. आपला आयटी उद्योग या दोन प्रकारांमध्ये झोके घेत वाढला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, म्हणजे चौथ्या दाराला मोठं कुलूप पडलं. साहजिकच पहिल्या दारावर गर्दी वाढणार. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती भारतात १,७०० च्या वर गेली आहेत आणि हैदराबादच्या आपल्या मंडळींना त्यांची नावं तोंडपाठ असतील.

मग मॅनेजमेंटला घरून काम का नको असतं? माझं मत स्पष्ट आहे. सॉफ्टवेअरचं काम मोजणं अवघड असतं. एखाद्याने दिवसभर खपून दहा ओळी लिहिल्या आणि त्या दहा ओळींनी महिन्याची डोकेदुखी संपवली, तर त्याला किती मार्क द्यायचे? हे ठरवायला मॅनेजरला काम कळावं लागतं. खुर्चीत कोण आहे हे मोजायला काही कळावं लागत नाही. गेटवर कार्ड टेकवलं की आकडा तयार. आमच्याकडे आता दर सोमवारी एक एक्सेल येतं, त्यात कुणी किती तास इमारतीत काढले ते असतं. कुणी काय केलं, त्याला मात्र रकाना नाही.

अर्थात सगळा दोष मॅनेजरचा नाही, सरकारी नियमांचाही यात मोठा हात होता. पुष्कळ आयटी कार्यालयं सेझमध्ये आहेत आणि करसवलत त्या कुंपणाच्या आत होणाऱ्या कामाला होती. त्यामुळे तुम्ही कुठे बसता हा मुळात कर आणि कस्टमचा प्रश्न होता. बीपीओसारख्या सेवांवरची नोंदणीची सक्ती दूरसंचार खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये उठवली, तर सेझमधल्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देणारा नियम ४३अ जुलै २०२२ मध्ये आला. म्हणजे महामारी येईपर्यंत कायद्याच्या लेखी आमचं घर ही कामाची जागाच नव्हती.

या विषयावर मतं फार आणि मोजमाप कमी. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम यांनी मात्र नीट मोजलं आहे. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: कामगिरीत आणि बढत्यांमध्ये फरक नाही, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं. मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट अशी की, प्रयोगाआधी काम घटेल म्हणणारे मॅनेजर प्रयोगानंतर थोडं वाढतंच म्हणू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाचही दिवस ऑफिस जाहीर केलं. अभ्यास वाचून निर्णय होतात असं नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा आपलीच पोळी भाजतोय. याच कंपनीत २०१० च्या सुमारास कॉल सेंटरवर जुना प्रयोग झाला होता, त्यात घरून काम करणाऱ्यांचं उत्पादन १३ टक्क्यांनी वाढलं. पण प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले निम्मे लोक ऑफिसात परतले, कारण घरी एकटं वाटत होतं. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला मी घरून काम घे असं कधीच सांगणार नाही. मी जे काही शिकलो ते शेजारच्या खुर्चीतल्या सीनियरच्या स्क्रीनकडे बघून, चहाच्या टपरीवर त्याचं डोकं खाऊन. पहिली दोन-तीन वर्षं पुण्याला किंवा हैदराबादला जाच. खोली भाड्याने घ्या, मेसचं जेवा.

पण वहिनीचं काय? ती टेस्टिंगमध्ये दहा वर्षांची अनुभवी. बाळानंतर घरून काम मिळालं म्हणून नोकरी टिकली, आई-बाबा मुलाला बघायचे आणि ती खालच्या खोलीतून रिलीज सांभाळायची. तिच्या कंपनीने बोलावलं तेव्हा दादाची नोकरी इथली, मुलाची शाळा इथली. तिने राजीनामा दिला. तिच्या जागी दोन नवी मुलं घेतली आणि ती तीन महिने तिलाच फोन करून विचारत होती. कंपनीच्या कुठल्याही एक्सेलमध्ये हा खर्च दिसणार नाही.

माझ्या अनुभवात खरी अडचण अंतराची नसते, घड्याळाची असते. न्यू जर्सी आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागे गेलं की आमची साडेआठची मीटिंग साडेनऊला, म्हणजे जेवण आधी की नंतर हा घरात नवा वाद. पुण्याच्या ऑफिसात बसूनही ती मीटिंग रात्रीच होणार! यावर उपाय एकच, बोलण्यापेक्षा लिहून ठेवणं. गिटलॅब कंपनी बहुतेक सगळं लिहून ठेवते, तिचं हँडबुक कुणालाही वाचता येतं, आणि ती ऑफिसांशिवाय चालते. आपल्याकडे मात्र लिहिण्याचा कंटाळा, कॉलची हौस.

वाचकांतल्या तरुण मंडळींनी एका गोष्टीवर लक्ष ठेवावं. २०२५ मध्ये आपल्या मालावर अमेरिकेने ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क नेलं, तेव्हा कोळंबी आणि कापडवाले हादरले, आम्ही निवांत होतो. कोड बंदरातून जात नाही. पण कर दुसऱ्या वाटेने येतो. अमेरिकी करकायद्यात संशोधन-विकासाचा खर्च देशात केला तर त्याच वर्षी पूर्ण वजा करता येतो. परदेशात केला तर १५ वर्षांत विभागून. हे जुलै २०२५ पासून पक्कं झालं. बाहेर दिलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के कर लावणारं विधेयकही तिकडे मांडलं गेलं. हे लिहिताना तो कायदा झालेला नाही. झाला तर पुणे आणि इंदूर दोघांनाही सारखाच फटका.

तोवर सुपर कॉरिडॉरवर मोठ्या कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि तमिळनाडूत झोहोने तेनकाशीजवळच्या गावात कार्यालय चालवून दाखवलं आहे. ऑफिस हवंच असेल तर ते माणसांच्या गावी न्यावं, असं मी माझ्या मॅनेजरला लिहून कळवलं. इंदुरात आमच्या कंपनीचे आम्ही अकरा जण आहोत, त्यांची यादीही जोडली. उत्तर आलं: महिन्यातला एक आठवडा पुण्यात, बाकी इथून, मार्चमध्ये पुन्हा बघू. त्या एका आठवड्यासाठी रविवारी रात्रीची स्लीपर बस पकडतो. अकरांपैकी चौघे त्याच बसमध्ये असतात.