मुलांसाठी दुर्बीण घेताना

मृग लागला की तिफण बाहेर काढायची, हे आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. पण मृगाच्या चांदण्या आकाशात कोणत्या, असे विचारले तर पुष्कळ जण गप्प बसतात. त्यात नवल नाही. 7-8 जूनला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, म्हणून त्या दिवसांत मृग दिसतच नाही. तो पाहायचा मार्गशीर्षात, जेवणे आटोपल्यावर पूर्वेकडे. एका ओळीतल्या तीन चांदण्या म्हणजे मृगाला लागलेला बाण, आणि त्याच रेषेत खाली लखलखतो तो व्याध.

शहरात दिव्यांच्या उजेडाने हे आकाश हरवले आहे. आपल्या शिवारात ते पुष्कळसे शिल्लक आहे. म्हणून घरातल्या मुलाने किंवा मुलीने दुर्बीण मागितली, तर तो नुसता हट्ट समजू नये. मात्र पैसा कष्टाचा आहे. तो कशावर घालावा हे आधी पाहावे.

आधी डोळे, मग भिंग

दोन महिने मुलांनी नुसत्या डोळ्यांनी कृत्तिका, रोहिणी, मृग, सप्तर्षी ओळखावेत. आवड टिकली तर आधी दोन्ही डोळ्यांना लावायची, दहा पट मोठे दाखवणारी 50 मिलिमीटर भिंगांची दुर्बीण घ्यावी. तीतून कृत्तिकांचा पुंजका फार सुरेख दिसतो. पुढे आवड ओसरली तरी ती रानातली पाखरे पाहायला उपयोगी पडते.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका

पिशवीवरचे चित्र पाहून आपण बियाणे घेत नाही. दुर्बिणीचेही तसेच. खोक्यावर ‘500 पट’ असे छापलेले असते, त्याला अर्थ नाही. भिंगाची रुंदी जितके मिलिमीटर, त्याच्या फार तर दुप्पट पटींपर्यंत चित्र स्पष्ट राहते. 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 140 पट ही हद्द. त्यापुढे नुसता धूसर गोळा. सुरुवातीला 70 मिलिमीटर भिंगाची किंवा 114 ते 130 मिलिमीटर आरशाची दुर्बीण पुरते. तिवई मात्र भक्कम हवी. ती हलली की चांगले भिंगही व्यर्थ.

पहिली रात्र

दिवसा लांबच्या विजेच्या खांबावर दुर्बीण रोखून वरची छोटी शोधक दुर्बीण जुळवून घ्यावी. खांब उलटा दिसला तरी बिघाड समजू नये. रात्री तापलेल्या स्लॅबपेक्षा खळ्यात उभी करावी, अर्धा तास थंड होऊ द्यावी आणि अंगणातला दिवा मालवावा.

चंद्र पौर्णिमेला पाहू नये, शुद्ध अष्टमीच्या सुमारास पाहावा. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि खड्डे उठून दिसतात. गुरूजवळ चार ठिपके दिसतील. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये सुमारे 20 पटींच्या दुर्बिणीतून ते पाहिले होते. शनीची कडी 2025 साली आपल्याकडे कडेने होती, म्हणून रेषेसारखी दिसली. आता ती वर्षागणिक उघडत जाईल. मृगातला तेजोमेघ मात्र राखी दिसेल. चित्रातले रंग कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवून टिपलेले असतात.

फोटो

वेगळा कॅमेरा नको. डोळा लावायच्या भिंगाशी मोबाईल धरून चंद्रापासून सुरुवात करावी. मोबाईल अडकवायची पकड मिळते, ती घ्यावी. पडद्यावर चंद्र पांढराफटक दिसला तर उजेड कमी करावा, आणि बोटाने हादरा बसू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावावा.

हे मात्र विसरू नका

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. एका क्षणात नजर कायमची जाऊ शकते. डोळ्याजवळच्या भिंगावर बसवायची काळी काच सोबत आली असेल तर ती फेकून द्यावी. ती तापून तडकते. 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढग नसले तर मुले दुर्बीण काढू पाहतील. त्या दिवशी ती कुलपात असू द्यावी.

निगा सोपी आहे. दव पडले तर भिंग पुसू नये, घरात आपोआप सुकू द्यावे. धान्य ओले भरत नाही, तसे दुर्बीणही ओली पेटीत घालू नये, बुरशी धरते. खते-औषधांच्या खोलीत ती ठेवू नये.

विकत घेण्याआधी जाणत्याच्या दुर्बिणीतून एकदा पाहून यावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करीत आहे. आणि दुर्बीण आली की एकट्या मुलावर सोडू नका. आजीलाही शनी दाखवा. नक्षत्रांची नावे तिला पाठ असतील. ती नावे कोणत्या चांदण्यांची, हे नातवंडे तिला दाखवतील.