गच्चीवरची तालीम

हल्लीं पुष्कळ घरांतून गच्चीवरच्या खोलींत एक अरुंद बांक, लोखंडी दांडा आणि कांहीं चकत्या दिसूं लागल्या आहेत. कॉलेजांतून किंवा कचेरींतून परतलेला घरचा तरुण त्या बांकावर उताणा निजतो, दांडा छातीपर्यंत उतरवितो आणि पुन्हा वर लोटतो. या व्यायामास बेंच प्रेस म्हणतात. प्रथम कांहीं महिने वजन भराभर वाढतें. पुढें ६० किलोंच्या आसपास तें जें अडतें, तें महिनेमहिने हालत नाहीं. तालमींत अशा वेळीं वस्ताद शेजारीं असतो. गच्चीवर कोणी नसतें, आणि तरुणाला वाटतें कीं आपलीच जिद्द कमी पडते. आमच्या मतें जिद्द बहुधा पुरेशी असते. पायरी मात्र फार उंच असते.

हिशेबच करून पाहावा. बाजारांत सामान्यतः मिळणारी लहान चकती १.२५ किलोची. दोन्ही अंगांस एकेक चढविली कीं वजन २.५ किलोंनीं वाढलें. म्हणजे ६० किलोंवर शेंकडा चारांहून अधिक. नवशिक्यास ही वाढ पेलते, मुरलेल्यास दर आठवड्याला पेलत नाहीं. ग्रीक मल्ल मिलो रोज वासरूं उचली आणि त्या वासराचा बैल होईतों त्याचें बळही वाढलें, अशी दंतकथा आहे. कथा गोड खरी. पण वासराच्या गतीनें माणसाचे स्नायु वाढत नसतात! तेव्हां स्वयंपाकघरांतील काट्यावर वाळू तोलून पाव पाव किलोच्या दोन जाड पिशव्या शिवाव्या व दांड्याच्या दोन्ही टोकांस घट्ट बांधाव्या. ही झाली अर्ध्या किलोची पायरी.

ती चढण्यापूर्वींही वजन तेंच ठेवून संख्या वाढवावी. तीन फेऱ्या, प्रत्येकींत पांच वेळां, अशी सुरुवात करून आठवड्यांतून दोन दिवस मेहनत करावी. तिन्ही फेऱ्या आठ आठ वेळां निभावल्या म्हणजे वजनांत भर घालून पुन्हा पांचांवर यावें. प्रत्येक फेरींत एक-दोन वेळांचें बळ हातचें राखून थांबावें. एकट्यानें तरी दांडा अंगावर अडेपर्यंत झुंजूं नये. शिवाय अशा झुंजीचा थकवा पुढील खेपेस नडतो तो निराळाच. महिनाभर कांहींच हाललें नाहीं, तर एक आठवडा फेऱ्या निम्म्या कराव्या. दांडा छातीपासूनच सुटत नसेल, तर हलकें वजन घेऊन तो तेथें क्षणभर थांबवून मग उचलण्याचा सराव ठेवावा; अर्ध्यावर अडत असेल, तर पकड थोडी आंत घ्यावी.

आहाराविषयीं घरांतील वडील मंडळींस एक विनंती. पानांत तुपाची धार वाढली म्हणजे मुलाला बळ आलें, ही समजूत सोडावी. अशी मेहनत करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागें रोज सुमारें १.६ ग्रॅम प्रथिनें हवींत. ६० किलोंच्या मुलास ९६ ग्रॅम. एक लिटर दुधांत तीं सुमारें ३२ ग्रॅम आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम असतात. पातळ वरणावर हा आंकडा गांठणें कठीण. उसळी, दहीं, पनीर यांना पानांत रोजची जागा द्यावी लागेल.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. दांडा गळ्यावर येऊन माणसें दगावल्याचीं उदाहरणें घडलीं आहेत. यास्तव बांकाच्या दोन्ही अंगांस भक्कम लोखंडी आडवे आधार हवेत. त्यांची उंची अशी ठेवावी, कीं नेहमींच्या उचलींत दांडा छातीस टेकेल, पण छाती सैल सोडतांच तो आधारांवर बसेल आणि गळ्यापर्यंत पोंचणार नाहीं. अंगठा दांड्याभोंवतीं वळलेला असावा. असे आधार नसतील, तर दांडा बाजूस ठेवून दोन हातांत दोन डंबेल्स घ्यावे; ते निदान दोहों बाजूंस टाकतां येतात. आणि गच्चीच्या दाराला आंतून कडी घालूं नये.